दारू बंद केल्यावर तिसऱ्या रात्री

माझा मामा यंत्रमागावर कामाला होता. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात टॉवेलचे दोन माग त्याच्याकडे असायचे. पावसाळ्यात घसरून पडला, पायाचं हाड मोडलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. तिसऱ्या रात्री सोबतीला मी होते. नर्सिंगचं दुसरं वर्ष चाललं होतं माझं. दीड-दोनच्या सुमारास मामा उठून बसला, अंगावरच्या चादरीवर वाकला आणि बोटं चालवायला लागला. चिमटीत काहीतरी धरायचं, पीळ द्यायचा, जिभेला बोट लावायचं, पुन्हा चिमूट.

"मामा, काय करलालाव ओ?"

"तार तुटलीय की गं. माग बंद पडलाय, ऐकू येईना का तुला?"

चादरीवर तार नव्हती. तो हवेतच गाठी मारत होता, आणि हात अगदी कारखान्यात चालायचे तसेच चालत होते. अंग घामानं भिजलेलं, हात थरथरतायत, नाडी पळतेय. मधेच भिंतीकडं बघून म्हणाला, "ती पोरं कुणाची आलीत तिथं?" भिंतीपाशी कुणीच नव्हतं.

सकाळी आज्जीनं सिद्धेश्वराचं भस्म त्याच्या कपाळाला लावलं. बाहेरचं काहीतरी झालंय असं तिचं मत. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा भाऊ म्हणाला, दारू मिळावी म्हणून नाटक चाललंय. मामा तीस वर्षांपासून पीत होता, शेवटची पाच-सहा वर्षं तर सकाळी उठल्या उठल्या. भरती करताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "काही व्यसन?" मामी खाली मान घालून म्हणाली, "नाही." मी बाजूलाच उभी होते. मीही गप्प बसले.

त्या रात्री मामाला जे झालं त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, वॉर्डात सगळे 'डीटी' म्हणतात. रोजचं काम हवेत करत बसणं हे त्यातलं इतकं नेहमीचं लक्षण आहे की डॉक्टरी पुस्तकांत त्याला वेगळं नाव आहे. नंतरच्या नोकरीत मी मार्केट यार्डातला हमाल न दिसणारी कांद्याची पोती मोजताना बघितलाय, रिक्षावाला रात्रभर हँडल पिळताना बघितलाय. दारू चढल्यावर मेंदूत काय होतं हे थोडंफार सगळ्यांना माहीत असतं. दारू अचानक थांबल्यावर काय होतं हे आपल्याकडं फार कमी घरांत माहीत आहे, आणि तिथंही जीव जाऊ शकतो.

मेंदूचं वजन साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण शरीराची वीस टक्के ऊर्जा तो एकटा खातो. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. एक पेशी दुसरीला थेट चिकटलेली नसते, मधे बारीकशी फट असते. निरोप द्यायचा तर पेशी त्या फटीत रसायनाचे थेंब सोडते, आणि पलीकडच्या पेशीवर त्या रसायनासाठी कुलपासारख्या जागा असतात. किल्ली बसली की निरोप पोचला. अशी रसायनं खूप आहेत, आपल्याला इथं दोनच लागतील. ग्लुटामेट पेशीला म्हणतं, चल, काम कर. गाबा म्हणतं, थांब, दमानं घे. या दोघांच्या ओढाताणीवर आपण शुद्धीत असतो, चालतो, बोलतो, झोपतो.

माग बघितलेल्या माणसाला पुढचं समजावणं सोपं आहे. ताण्याच्या बीमला मागच्या बाजूनं साखळी घालून वजनं टांगलेली असतात. त्या वजनांमुळं तारा ताठ राहतात. ताण कमी पडला तर तारा ढिल्या पडून कापड बिघडतं, ताण वाढला तर तारा तटातट तुटतात. दारू मेंदूत शिरते आणि गाबाचा जोर वाढवते, ग्लुटामेटला दाबते. म्हणजे सगळ्या तारा ढिल्या करते. पहिल्या दिवशी याचीच मजा वाटते: डोक्यातला ताण गेला, जीभ सुटली, लाज गेली. पण मेंदूला काम चालू ठेवायचं असतं. रोज रोज तारा ढिल्या पडायला लागल्या तर तो काय करतो? बीमला एकेक वजन वाढवत जातो. गाबाच्या जागा बोथट करतो, ग्लुटामेटच्या जागा वाढवतो. म्हणून चपटीवर भागणारं काम नंतर क्वार्टरवर भागत नाही. माणूस फुशारकी मारतो, 'आपल्याला आता चढत नाही.' अहो, चढत नाही याचा अर्थ वजनं वाढलीत.

आणि मग एक दिवस दारू एकदम बंद होते. पाय मोडतो, पैसे संपतात, बायको माहेरी जाते, नवस केला जातो, काहीही कारण. ढिलं करणारी दारू गेली, टांगलेली वजनं मात्र सगळी जागेवर. तारा तुटायला लागतात. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, मळमळतं, घाम फुटतो, झोप उडते. सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फीट येऊ शकते, आयुष्यात कधी फीट न आलेल्या माणसालाही. आणि दोन ते चार दिवसांच्या मधे डीटी. तिसरी रात्र ही अशी येते. रोज पिणाऱ्या सगळ्यांना डीटी होत नाही, दारू तुटल्याचा त्रास होणाऱ्या शंभरातल्या तीन-पाच जणांना होतो. पण वेळेवर उपचार नाही मिळाले तर त्यात माणूस दगावतो. हृदयाचे ठोके बिघडतात, ताप चढतो, अंगातलं पाणी आणि क्षार ढासळतात.

उपचार ऐकून नातेवाईक चक्रावतात. डायझेपाम, लोराझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड या गटातली औषधं देतात, आणि ती दारूसारखीच गाबाचा जोर वाढवतात. 'म्हणजे दारूच्या जागी दुसरी नशाच देताय की,' असं मला कित्येकांनी तोंडावर म्हटलंय. पण डॉक्टर ती मोजून देतात आणि पाच-सात दिवसांत उतरवत नेतात. बीमवरचं एकेक वजन काढायला मेंदूला तेवढा वेळ मिळतो. हीच औषधं मेडिकलवरून आणून मनानं घेतली आणि वर दारू प्यायली, तर दोघं मिळून श्वास बंद पाडतात.

श्रावणाबद्दल इथंच लिहिते. आपल्याकडं गटारीला पोटभर पिऊन दुसऱ्या दिवसापासून महिनाभर कडक बंद ठेवणारे पुष्कळ आहेत. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळं माळ घालून दारू सोडणारेही पुष्कळ. श्रद्धेच्या बळावर माणसं कायमची सुटलेली मी बघितलीत, त्या बळाला माझा नमस्कार आहे. पण जो माणूस सकाळी हात थरथरतात म्हणून पितो, त्यानं माळ घालायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटावं. दुसरं असं की दर वर्षी सोडायची आणि पुन्हा धरायची यानं मेंदू सरावत नाही, उलट चिडत जातो. पहिल्या वेळी नुसते हात थरथरले असतील, चौथ्या-पाचव्या वेळी फीट येऊ शकते. 'मागच्या श्रावणात काही झालं नव्हतं' यावर विसंबू नका.

आता चढण्याबद्दल थोडक्यात. दारूचा रेणू इतका लहान आणि पाण्यात-चरबीत दोन्हीकडं मिसळणारा की रक्तातून मेंदूत जायला त्याला कुणी अडवत नाही. रिकाम्या पोटी तर पाच-दहा मिनिटांत जाणवते. कपाळामागचा भाग, जो आपल्याला 'असं बोलू नको' म्हणून आवरतो, तो आधी ढिला पडतो. मग मानेच्या वरचा लहान मेंदू, जो तोल सांभाळतो. आठवणी नोंदवणारा भाग बंद पडला की माणूस बोलतो, भांडतो, गाडी चालवून घरी येतो आणि सकाळी त्याला खरोखरच काही आठवत नसतं. तो खोटं बोलत नसतो, नोंदच झालेली नसते. फार झाली की श्वास चालवणारा भागही मंदावतो. म्हणून बेशुद्ध पडलेल्याला 'झोपू दे' म्हणून उताणा सोडू नये. कुशीवर वळवावं, म्हणजे उलटी घशात अडकत नाही, आणि हाक मारून, हलवून उठत नसेल तर थेट दवाखान्यात न्यावं. गाडीबाबत कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पण प्रतिक्रिया मंदावणं त्याच्याही आधीच सुरू होतं.

एवढा त्रास असूनही माणूस पुन्हा का घेतो? १९५४ साली जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत एका ठरावीक जागी बारीक तार बसवली. खटका दाबला की तिथं सौम्य करंट मिळायचा. उंदीर तासाला शेकडो वेळा तो खटका दाबत राहिले. त्या वाटेवर चालणारं मुख्य रसायन डोपामिन. जेवण, पाणी, मायेचा स्पर्श यांनी ते थोडं सुटतं आणि मेंदू टिपून ठेवतो, हे पुन्हा कर. नशा तेच डोपामिन बेसुमार सोडायला लावते. मग मेंदू त्याच्या जागा कमी करतो. लेकराचं बोलणं, सणाचं जेवण, गड्ड्याची जत्रा, सगळं फिकं पडतं. बायकोला वाटतं, याला आमची किंमत राहिली नाही. किंमत राहिलेली असते, ती जाणवून देणारी यंत्रणा बसलेली असते. डोक्यात खूणगाठी मात्र पक्क्या राहतात: पगाराचा दिवस, ठरावीक वळण, ग्लासात बर्फ पडल्याचा आवाज. वर्षभर न प्यायलेला माणूस त्या एका वळणावर घसरतो, तो यामुळं.

बाकीच्या नशांचे रस्ते वेगवेगळे असले तरी शेवटी त्या याच वाटेवर येतात. बिडी-सिगारेटच्या धुरातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, इतकं झटपट की सुटायला तेवढंच अवघड. मावा आणि मिश्री सावकाश पोचतात, पण सवय तशीच लावतात. आमच्याकडं बिड्या वळणाऱ्या बायकांना तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात घ्यावी लागते, वर दात दुखतो म्हणून मिश्री. त्यांना कुणी व्यसनी म्हणत नाही, पण एक दिवस मिश्री नाही मिळाली की डोकं उठतं त्याचं कारण हेच. गांजातलं मुख्य द्रव्य १९६४ साली वेगळं केलं गेलं, आणि त्याच्याशी मिळतंजुळतं मेंदूचं स्वतःचं रसायन १९९२ साली सापडलं. त्याचं नाव आपल्या 'आनंद' शब्दावरून आनंदामाइड ठेवलं. 'गांजा झाडपाल्याचा, त्यानं काही होत नाही' हे मात्र खरं नाही. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत भास-संशयाचा आजार होण्याचा धोका वाढतो. अफूच्या जातीची द्रव्यं मेंदूच्याच वेदनाशामक रसायनांची कुलपं उघडतात. खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीनही त्याच घरातलं. ती जास्त झाली तर श्वास थांबतो. एमडी म्हणजे मेफेड्रोन, रसायनांपासून बनवलेली उत्तेजक नशा. २०२३ च्या ऑक्टोबरात सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत पोलिसांनी त्याचा कारखाना पकडला, तेव्हा 'मुंबईची नशा' म्हणणारे गप्प झाले. ते डोपामिनचा लोंढा सोडतं आणि तो परत शोषून घेणारी वाटही बुजवतं. माणूस दोन दोन दिवस झोपत नाही, मग संशय, भीती, कोसळणं. आणि स्टेशनच्या आसपास फडक्यात सोल्यूशन ओतून हुंगणारी लेकरं. त्यातलं टोल्यूइन मेंदूतल्या तारांवरचं चरबीचं आवरण खराब करतं. वायरचं कव्हर सोलल्यावर काय होतं ते कुणालाही कळेल. कपाळामागचा तो आवरणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून पोरांच्या बाबतीत मला जास्त भीती वाटते.

शिंदीबद्दल, म्हणजे झाडाच्या रसाच्या ताडीसारख्या दारूबद्दल, एक सांगते. ताजी शिंदी सौम्य असते, पण तिच्यात क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची द्रव्यं मिसळतात, पलीकडं तेलंगणात हे मोठ्या प्रमाणावर उघड झालेलं आहे. 'नुसती शिंदी पितो' म्हणणाऱ्या माणसाला शिंदी बंद होताच फीट का येते, याचं उत्तर त्या भेसळीत असू शकतं. हातभट्टीचा धोका निराळा. तिच्यात मिथेनॉल असलं तर यकृत त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं आणि ते डोळ्याच्या नसेवर घाला घालतं. गंमत वाटावी असं काहीच लगेच होत नाही. बारा-चोवीस तासांनी 'डोळ्यांपुढं पांढरं दिसतंय, धुकं आल्यासारखं' अशी तक्रार सुरू होते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला अशाच दारूनं शंभरावर माणसं गेली. ते पांढरं धुकं ऐकलं की घरी एक मिनिट थांबू नका.

मामाकडं परत येते, कारण त्याच्या पायाची गोष्ट राहिली. मोडलेल्या नव्हे, दुसऱ्या पायाची. पडायच्या आधी वर्षभर त्याची चप्पल चालता चालता पायातून निघून जायची आणि त्याला कळायचंच नाही. चौकातून एक पाय अनवाणी घरी यायचा. आम्ही म्हणायचो, प्यायलाय. तो न पिताही तसाच यायचा. रात्री तळपायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या. दारू मेंदूपुरती थांबत नाही. पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटांपर्यंत गेलेल्या लांबच लांब नसा ती टोकाकडून जाळत येते. त्यात बी-वन जीवनसत्त्वाची कमतरता. बी-वन ज्वारीत, डाळीत, शेंगदाण्यात असतं, म्हणजे आपल्या भाकरी-आमटीत चांगलंच असतं. पण पिणारा माणूस भाकरीच्या ताटावर बसत नाही, चकण्यावर भागवतो, आणि खाल्लेल्यातलंही बी-वन दारू आतड्यातून नीट शोषू देत नाही. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा.

हा साठा संपला की मेंदूत जे होतं ते कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली नोंदवलं: माणूस गोंधळतो, बुबुळं नीट फिरत नाहीत, पाय फाकवून धडपडत चालतो. बघणाऱ्याला वाटतं, पिऊन आलाय. वेळेत बी-वनचं इंजेक्शन मिळालं तर यातलं बरंच भरून येतं. नाही मिळालं तर पुढची पायरी कोर्साकॉफचा आजार, नवी आठवणच तयार होत नाही. असा एक पेशंट मी सांभाळलाय. महिनाभर खाटेवरच होता आणि रोज मला सांगायचा, "काल कुर्डुवाडीला जाऊन आलो, सिस्टर." त्याला खोटं बोलायचं नव्हतं. मेंदू रिकामी जागा मिळेल त्यानं भरत होता.

आणि इथं आपल्याकडची एक घातक सवय आहे. 'अशक्तपणा आलाय, एक ग्लुकोजची सलाईन लावा.' साखर पचवायला बी-वन लागतं. उरलंसुरलं बी-वन ती सलाईन खाऊन टाकते आणि माणूस आणखी ढासळतो. पिणाऱ्या पेशंटला बी-वनचं इंजेक्शन आधी, ग्लुकोज नंतर, हे वॉर्डातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवं. पण त्यासाठी पेशंट पितो हे आम्हाला कळायला हवं ना! मामाला पहिल्या दोन दिवसांत तीन ग्लुकोज गेल्या होत्या.

आणखी एक, बायकांसाठी मुद्दाम. 'नवऱ्याला न सांगता दारू सोडवा' म्हणून पुड्या विकल्या जातात. कुणी डायसल्फिरामच्या गोळ्या आणून भाजीत मिसळतं. हे औषध दारू पचवण्याची साखळी अर्ध्यात तोडतं आणि अॅसिटाल्डिहाइड नावाचं विष रक्तात साचतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. ज्याला आपण ते घेतोय हे माहीत आहे तो दारूला हात लावत नाही, म्हणून उपयोग होतो. ज्याला माहीत नाही तो पितो आणि जिवावर बेततं. तुमची तळमळ मला कळते ताई, पण चोरून देऊ नका. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं आहेत, ती त्याच्या संमतीनं सुरू होतात.

देशभरात हा प्रश्न केवढा आहे? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १६ कोटी लोक दारू पितात असं आढळलं, आणि त्यातल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना त्यासाठी मदतीची गरज होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचा समावेश आजारांत केलेला आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६ ही मानसिक आरोग्याची. नाव न सांगताही बोलता येतं.

मेंदू सावरतो, हेही मी डोळ्यांनी बघितलंय. दारू थांबल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आक्रसलेला मेंदू थोडा भरून यायला लागतो, झोप काही महिन्यांत रुळते, चव परत येते. नसा मात्र फार सावकाश भरतात, काही भरतच नाहीत. मामाचे हात थांबले, तो पुन्हा मागावर उभा राहिला. चपलेला मागून पट्टा शिवून घेतला होता त्यानं, तो शेवटपर्यंत तसाच होता.

आता भरतीच्या वेळी मी नातेवाइकांना पेशंटसमोर विचारत नाही. बायकोला किंवा आईला बाजूला, जिन्यापाशी नेते. काय घेतात, किती घेतात, आणि शेवटची किती वाजता घेतली, एवढंच विचारते. पहिल्यांदा उत्तर 'नाही' असंच येतं. मी घड्याळाकडं बघत उभी राहते आणि पुन्हा विचारते, शेवटची किती वाजता?